वाड्याचा भाव आणि कारणांची वजाबाकी

पनवेलींत ज्यांचा जुना वाडा अजून उभा आहे, त्यांच्या घरीं रात्रीं पानें मांडलीं कीं भावाचा विषय निघतोच. आमचेंही घर यास अपवाद नाहीं. दि. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा अटल सेतु खुला झाल्यापासून आमचे धाकटे बंधु म्हणतात, "दादा, ही वाढ सेतूची, अजून चढेल, विकूं नये." काकांचें म्हणणें, "सेतु नसता तरी भाव चढलाच असता. आतांच विकून मोकळे व्हा." वाड्यांत चार बिऱ्हाडें, निर्णय एकदांच व्हावयाचा.

सेतूपूर्वींचा भाव आजच्या भावांतून वजा केला म्हणजे सेतूचा परिणाम कळला, असें मात्र नव्हे. त्याच काळांत महागाई व कर्जाचे व्याजदर आपापलें काम करीतच होते. यावर अर्थमितिशास्त्राची युक्ति साधी आहे. पूर्वींची चाल पनवेलीसारखीच, परंतु सेतूचा लाभ नाहीं, असें दुसरें गांव घ्यावें. समजा, पनवेलींत भाव शेंकडा ३० वाढला व तेथें २०. तर सेतूच्या पदरीं १० घालावे.

न्यू जर्सी संस्थानानें १९९२ सालीं किमान वेतन ताशीं ४.२५ डॉलरांवरून ५.०५ केलें, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानें केलें नाहीं. कार्ड व क्रूगर यांनीं दोहोंकडील ४१० खाद्यगृहें ताडून पाहिलीं, तों न्यू जर्सींत नोकऱ्या घटल्याचें दिसेना. हा निबंध १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. कार्ड यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

खरी अडचण जोडीचें गांव निवडण्यांत आहे. उलवें सेतूच्या तोंडाशींच. कर्जत घ्यावें, तर पनवेल-कर्जत लोहमार्गाची चाहूल तेथेंही. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. तेव्हां त्या १० मध्यें त्याचाही वांटा आहे.

आणखी एक गोष्ट बंधूंच्या ध्यानांत आणून दिली पाहिजे. सेतूचें भूमिपूजन २०१६ सालींच झालें. गिऱ्हाइकें तेव्हांपासूनच त्याची किंमत धरून चालत असणार. सेतु एकदांच खुला होतो. त्यामुळें झालेली वाढ हें पुढील वाढीचें वचन नव्हे.

हें मानून आम्हीं विक्री तूर्त लांबणीवर टाकली आहे. मात्र भाव चढेल या आशेनें नव्हे, तर चारही बिऱ्हाडांची सोय एकत्र लागेपर्यंत. काकांस हें कारण पटलें.