फोन चालूच होता

आई गेली, तेव्हा तिचा बटणांचा साधा फोन माझ्याकडे आला. त्यात दोन सिमकार्डे होती: एकावर गावातील आप्तेष्ट, दुसऱ्यावर केवळ मी. पुष्कळदा माझा फोन लागत नसे. "फोन बंद का ठेवतेस?" मी रागावून विचारी. "नाही रे बाळा, चालूच होता," ती म्हणे. मला ते पटत नसे.

परवा दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने उलगडा केला. अशा फोनात लहरी पकडणारा भाग एकच असतो. एरवी दोन्ही कार्डे जागी असतात. परंतु एकावर संभाषण सुरू झाले, की तेवढा वेळ दुसरे मुके होते. म्हणजे ती मावशीशी बोलत असताना माझी हाक तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती!

आई खरेच बोलत होती. तिची क्षमा मागायची मात्र राहून गेली.