परत येशील ना?

भाचीला अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची आहे. व्हिसासाठी आपाने सातबारा, घरफाळ्याची पावती, पासबुकं गोळा केली. तिथल्या कायद्याच्या कलम २१४ (बी) प्रमाणे, शिकून मायदेशी परतणार हे अर्जदारानेच पटवून द्यायचं. नकार आला तर अपील नाही. नव्याने अर्ज, नव्याने फी. मुलाखत जेमतेम काही मिनिटांची. विशीतल्या मुलीच्या नावावर जमीन कुठून असणार? मी विचारलं, “बेटा, शिकून इथे करणार काय?” ती गप्प झाली. चार दिवसांनी म्हणाली, “खाला, पंचगंगेच्या पाण्यावर काम करायचंय.”

आपा फाईल बाजूला ठेवून ऐकत राहिली. अधिकाऱ्याच्या आधी तिलाच हा घोर होता. मुलं परदेशी निघालेल्या घरांत कागदांबरोबर एवढं बोलणंही व्हावं.