शाकारणीचे ऋण

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारतात. फुटकी कौले बदलली, नवा पेंढा घातला की वर्षाची निश्चिंती. जपानच्या डोंगराळ शिराकावा-गो भागात मात्र शत्रू आहे बर्फ. त्याचा भार छपरावर राहू नये म्हणून तेथील गवती छपरे सुमारे ६० अंशांच्या उताराची असतात. या बांधणीला 'गाश्शो', म्हणजे जोडलेले हात, असे नाव आहे.

चुलीचा धूर गवत सुकवितो, किडीपासून राखतो. तरी तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलावेच लागते. एका घराला हे झेपत नाही. मग सारा गाव जमायचा आणि शंभराहून अधिक हात एक-दोन दिवसांत छप्पर चढवायचे. मजुरी नाही, आज तुमचे, उद्या आमचे. या रीतीला 'युई' म्हणतात.

मला नवल वाटते ते या 'उद्या'चे. तो तीस वर्षांनी यायचा! आज गवत वाहणाऱ्याची परतफेड कदाचित त्याच्या मुलाला मिळायची. माणसे गावातच राहतील या भरवशावरच असे ऋण देता येते.

पुढे तरुण शहरांकडे गेले. १९६१ साली पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणाने काही वस्त्या गिळल्या. १९९५ साली युनेस्कोने उरलेल्या गावांना जागतिक वारसा ठरविले. आता बहुतेक छपरे सरकारी साहाय्याने, पगारी कारागीर शाकारतात. छपरे वाचली, हे चांगलेच झाले.

पण पदवी घेऊन गाव सोडणाऱ्या आपण एकदा विचारावे : आपल्या मागे कोणाच्या छपरावर दोन हात कमी पडणार आहेत?