गळ, तंगूस आणि बी.कॉम.

‘गळाला लागला’ हा वाक्प्रचार नदीवर कमी आणि बँकेत जास्त वापरला जातो, हे मी वीस वर्षांच्या नोकरीनंतर छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मार्च उजाडला, की आमच्या शाखेत ठेवी गोळा करण्याची मोहीम निघते. मग एखादा सोयाबीनचा व्यापारी किंवा नुकताच निवृत्त झालेला मास्तर काउंटरवर दिसला, की साहेब केबिनमधून मान उंचावून हळूच विचारतात, ‘‘लागला का गळाला?’’ आता गळ कोणत्या मापाचा घ्यावा, आमिष काय लावावे, ढील किती द्यावी, यातले साहेबांना ओ की ठो कळत नाही. ते कळते मला. कारण आठवडाभर मी कारकून असलो, तरी रविवारी मी मासेमार असतो. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाल्यापासून तर महिन्यातून दोनदा मी दीडपट मासेमार असतो.

बी.कॉम. झालेल्या माणसाला हा नाद कसा लागला, असे लोक विचारतात. जणू बी.ए. झालेल्यांना तो रीतसर अभ्यासक्रमात असतो! माझ्या बाबतीत सगळा दोष मामांचा. माझी आई माळकरी. आषाढी-कार्तिकी न चुकवणारी. आणि तिचा सख्खा भाऊ शिकारी. एकाच आईची दोन लेकरे. एक पांडुरंगाच्या मागे, दुसरे तितराच्या. आजी म्हणायची, ‘‘दोघंबी रानोमाळ हिंडतेत. एकाच्या हातात टाळ, एकाच्या हातात बंदूक. घरात पाणी भरायला कुणीच नाही.’’

मामांची बंदूक बारा बोअरची, दोन नळ्यांची. ती खांद्याला लावून त्यांनी तरुणपणी किनवट-माहूरचे रान पालथे घातले. पण १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि बंदूक गप्प बसली. मामा मात्र त्यानंतर जे सुटले, ते आजतागायत थांबलेले नाहीत. कायद्यात परवाना काढून काही प्राणी मारण्याची एक फट होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बुजली. तेव्हापासून बंदुकीचा उपयोग एकच उरला. निवडणूक जाहीर झाली, की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला, की परत आणायची. मामा म्हणतात, ‘‘माझ्या बंदुकीनं सशापेक्षा निवडणुका जास्ती बघितल्या.’’

पण एक सांगतो. कायद्याला नावे ठेवताना मी मामांना कधी ऐकले नाही. १९७२ म्हणजे मराठवाड्यातल्या मोठ्या दुष्काळाचे साल. रानात प्यायला पाणी नाही, जनावर हाडांचा सापळा झालेले. मामा सांगतात, ‘‘त्या साली हरीण पळनासं झालं होतं. आपल्याला बघून नुसतं उभं राहायचं. जे पळत नाही, त्याला मारायला शिकारी कशाला पाहिजे? खाटीक पुरे.’’ आणि मग ते पाण्याकडे वळले. नांदेडला गोदावरी आहेच. शिकारीचा आणि या नदीचा संबंधही जुना. गुरू गोविंदसिंगजींच्या शिकारीची आठवण सांगणारा शिकारघाटाचा गुरुद्वारा इथे जवळच आहे. मामांनी मात्र घाट बदलला आणि बंदुकीऐवजी बांबूची काठी घेतली.

वयाच्या नवव्या वर्षी मी त्यांच्यामागे डबा घेऊन गेलो. डब्यात गांडुळे होती. आईला सांगितले होते, शाळेच्या प्रयोगासाठी आहेत.

पहिल्या रविवारी मी काठावर दणादण चालत गेलो, गळ टाकला आणि ‘‘मामा, मासेच नाहीत!’’ असे जाहीर केले. मामा म्हणाले, ‘‘हैत की. मासा तुला बघूलालाय, तूच त्याला बघनास.’’ मग त्यांनी जे शिकवले, ते इतक्या वर्षांत कुठल्या प्रशिक्षण केंद्रात ऐकले नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते. तुम्ही काठावर पाय आपटला, की तळाशी बातमी पोचलीच. म्हणून ओणवे होऊन जावे, खाली बसावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. मॅनेजरने केबिनमधून बाहेर यावे तसे काठावर कधी येऊ नये.

दुसरा धडा तोंडाचा. माशाचे तोंड बघावे, म्हणजे तो कुठे जेवतो ते कळते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचे तोंड खाली. तो तळाचा गाळ चिवडत फिरतो. म्हणजे कटल्याला गळ उथळ ठेवावा आणि मृगळाला तळाशी टेकवावा. हे उलटे केले, तर दिवसभरात फक्त ऊन लागते. आमच्या शाखेतही हाच नियम चालतो. कर्ज मागायला आलेल्याची मान खाली असते आणि ठेव ठेवायला आलेल्याची वर. त्याप्रमाणे खुर्ची पुढे करावी.

आमिषाबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. कुणी कणकेत हिंग घालतो, कुणी बडीशेप, कुणी आणखी काही गुप्त वस्तू, जी तो मरताना फक्त थोरल्या मुलाला सांगणार असतो. मामांचे मत साधे. रोहूला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक एकत्र मळून लावावी. गोळा इतका घट्ट, की फेकल्यावर सुटू नये आणि इतका मऊ, की ओढल्यावर गळ मोकळा व्हावा. चिलापीला गांडूळ. या चिलापीची गंमत अशी, की ती मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली तिला आपल्या देशात आणले आणि आता ती जिथे-तिथे ठाण मांडून बसली आहे. अर्ध्या तासात पंधरा चिलाप्या काढून ‘‘काय हात बसलाय!’’ म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. त्यात हात बसण्यासारखे काही नाही, चिलापीच भुकेली असते.

खरा मासा मरळ. तो पाण्यात राहतो, पण श्वास घ्यायला वर येतो. शेवाळाच्या कडेला टपकन आवाज होऊन बुडबुडा फुटला, की ओळखावे. काठावरच्या गवतात दबा धरून तो बेडकाची वाट बघतो. मामांना तो फार आवडतो. शिकाऱ्याला शिकारी बरोबर ओळखतो. पण पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसला, तर गळ गुंडाळून घ्यावा. खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. पहाऱ्यावरचा मासा भुकेने नव्हे, रागाने गळावर येतो. त्याला काढला, की तासाभरात पिले दुसऱ्यांच्या पोटात. हा नियम मामांनी मला कान पिळून शिकवला. तसेच पावसाळ्याच्या सुरुवातीचे. रोहू-कटला तेव्हा अंडी घालायला नव्या पाण्याच्या उलट चढतात. गाभोळीने भरलेली मादी लागली, तर हात ओले करून गळ काढावा आणि तिला सोडून द्यावे. ‘‘मुद्दल खाऊ नये, व्याजावर भागवावं,’’ असे मामा म्हणायचे. मी पुढे बी.कॉम. झालो, त्याची ही पूर्वतयारी असावी.

आणखी दोन गोष्टी. तलावाचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असतो. गळ टाकण्याआधी तिथल्या भोयाला रामराम घालावा. त्याने परवानगी दिली, तर बरोबर सल्लाही मिळतो आणि तो फुकट असतो. दुसरे, तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नये. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. तो खिशात घालून घरी आणावा आणि पॅन्ट धुवायला टाकताना बायकोची बोलणी खावीत.

बायकोचा विषय निघालाच आहे, तर हिशेबाचेही सांगतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने एक वही केली. डाव्या बाजूला पेट्रोल, गळ, तंगूस, पेंड, उन्हाने झालेल्या डोकेदुखीच्या गोळ्या. उजव्या बाजूला आणलेले मासे, वजनासह. वर्षअखेर भागाकार केला, तेव्हा माशाचा भाव किलोला साडेसहाशे रुपये पडला. बाजारात त्या वेळी तोच मासा शंभरच्या आत होता. ‘‘अहो, एवढ्यात आपण त्या भोयालाच घरी जेवायला ठेवलं असतं,’’ ती म्हणाली. मी काठीच्या घसाऱ्याचा मुद्दा काढला. त्यावर तिने तो आकडाही डाव्या बाजूला लिहून टाकला. शिवाय आई माळकरी असल्यामुळे मासा स्वयंपाकघरात चालत नाही. अंगणात वेगळी चूल, वेगळी कढई. सरपण धरले असते, तर भाव आणखी चढला असता.

मग २०१५ साली माझी लातूरला बदली झाली. गोदावरीकाठच्या मासेमाराला लातूरला पाठवणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला गच्चीवर नेऊन ठेवण्यासारखे. त्या वर्षी पाऊस झाला नाही. नळाला पाणी येण्याच्या तारखा लोक मुलाच्या वाढदिवसासारख्या लक्षात ठेवू लागले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले. मीही गेलो. आयुष्यात प्रथमच मी एवढे पाणी बघितले आणि गळाची आठवण झाली नाही.

त्याच आठवड्यात मामा लातूरला आले. वय पंचाहत्तरच्या घरात. आल्या आल्या म्हणाले, ‘‘धनेगावला चल. धरण बघायचंय.’’ मी म्हणालो, ‘‘मामा, तिथं पाणी नाही.’’

‘‘म्हणून तर जायचं, लेका! पाणी असताना तळ कुठं दिसतोय?’’

मांजरा धरणाच्या पोटात आम्ही दोघे चालत गेलो. मातीला हात जाईल एवढ्या भेगा. मामा काठी टेकत हिंडत होते आणि माग काढावा तसे वाकून बघत होते. ‘‘ही जुनी विहीर. हिच्या कडेला मासा बसणार. हा बाभळीचा बुंधा. इथं मरळ. ही जुनी पाणंद. मासे ह्याच वाटेनं वर चढणार.’’ माझ्या खिशात पैसे भरण्याच्या जुन्या, बाद झालेल्या स्लिपा होत्या. त्यांच्या पाठीवर मी नकाशा काढला. चौदा स्लिपा भरल्या. वाटेत मामांनी ढेकूळ फोडून वास घेतला आणि म्हणाले, ‘‘मरळ असल्या चिखलात खोल दडून पाण्याची वाट बघतंय. लातूरकरांनी त्याच्याकडून शिकावं.’’ दोनदा त्यांनी समोरच्या ढेकळाला दगड म्हटले आणि दगडाला ढेकूळ. तेव्हा मला कळले, की मामांना दिसत नाहीये. पन्नास पावलांवरून पानाआडचे तितर टिपणारे डोळे काचबिंदूने नेले होते. तळ बघून घ्यायची घाई पाण्यामुळे नव्हती.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरेत पाणी आले. हिवाळ्यात मी मामांना घेऊन गेलो आणि दुसऱ्या स्लिपेवरच्या विहिरीच्या कडेला बसवले. तरंगणारी काडी त्यांना दिसणे शक्य नव्हते. त्यांनी तंगूस उजव्या तर्जनीवर घेतला आणि डोळे मिटले. ‘‘हे चिलापी. टोचतंय नुसतं,’’ ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग हळूच, ‘‘हं. हा चाटूलालाय. थांब. थांब जरा...’’ आणि मनगट फिरले. अडीच किलोचा रोहू. जन्मभर ज्या बोटाने चाप ओढला, त्याच बोटावर त्यांनी तो मासा ऐकला होता. तेव्हापासून मीही काडीकडे बघत नाही. तुम्हीही करून पाहा. हा सल्ला बाजारात मिळत नाही आणि वहीत कोणत्या बाजूला लिहावा, हे बायकोलाही ठरवता आलेले नाही.

आता मी पुन्हा नांदेडला आहे आणि मामा पंच्याऐंशीच्या आसपास. ते गावाकडे असतात, कुठे जात नाहीत. दर रविवारी रात्री त्यांचा फोन येतो. किती मासे लागले, हे ते कधीच विचारत नाहीत. वारा कुठून होता, पाण्याचा रंग कसा होता, मरळीचा बुडबुडा कुठे फुटला, एवढेच विचारतात. मी सांगत जातो आणि ते पलीकडे ‘‘हं, हं’’ करतात. गेल्या महिन्यात विष्णुपुरीच्या पाण्याचे वर्णन करताना मी म्हणालो, ‘‘पाणी जरा मळकट होतं.’’

‘‘मळकट म्हणजे कसं? चहासारखं का ताकासारखं?’’

मला सांगता येईना. ‘‘मग पुढच्या रविवारी नीट बघून ये,’’ मामा म्हणाले, ‘‘माझं बघणं आता तुझ्याकडं जमा हाय. त्याच्यावर व्याज नको, पण मुद्दल बुडवू नको.’’