पिकलें पान आणि क्रिकेटचें मैदान

नामांकित खेळाडू चाळिशीकडे झुकला म्हणजे त्यास संघांत ठेवावें कीं सन्मानानें निरोप द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां निवडसमितीचा. परंतु आमच्या सक्करदऱ्यांत तो घरोघरच्या ओसरीवर वादाचा विषय होतो.

२०१५ सालीं वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाच्या संघांत आले, तेव्हां त्यांचें वय ३७ होतें. आमच्या घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. थोरले बंधु म्हणाले, "असा अनुभव विकत मिळत नसतो." पुतण्यानें विचारलें, "पण काका, ते खेळले म्हणजे इथल्या एका मुलाची जागा गेली कीं नाहीं?" प्रश्न बिनतोड होता. ज्या घरचा मुलगा पहांटे पांचाला उठून सरावास जातो, त्या घरास तो अधिकच बोंचतो.

पुढें काय घडलें तें सर्वश्रुत आहे. विदर्भानें २०१७-१८ मध्यें प्रथमच रणजी करंडक जिंकला व पुढल्या वर्षीं तो राखला. इराणी करंडकाच्या सामन्यांत, जामठ्याच्या मैदानावर, चाळीस वर्षांच्या जाफरांनीं २८६ धावा काढल्या. २०१८-१९ च्या रणजी हंगामांत एक हजारांवर. मग मुंबईचें नुकसान झालें काय? तसेंहि नाहीं. ते गेले त्याच हंगामांत, २०१५-१६ मध्यें, मुंबईनें करंडक पटकावला. वडीलधारा गेला म्हणून घर बुडालें नाहीं, आणि घर सुटलें म्हणून वडीलधाराहि संपला नाहीं.

तरी पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर राहिलेंच. तें आम्हांस २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यांत मिळालें. केरळविरुद्ध विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत बाद झाले असतां, कर्नाटकाच्या संघांतून वगळले गेलेले करुण नायर व नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनीं २१५ धावांची भागीदारी केली. दानिशनें १५३ धावा काढल्या आणि करंडक विदर्भाकडे आला. प्रौढ खेळाडूनें तरुणाची जागा अडविली नव्हती. पडत्या वेळीं तो दुसऱ्या टोंकाला उभा होता.

वयाचा आंकडा पाहून निर्णय करणें म्हणूनच आम्हांस पटत नाहीं. आमच्याच नागपुरांत जन्मलेल्या सी. के. नायडूंनीं १९४६ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, होळकर संघाकडून रणजीच्या अंतिम सामन्यांत द्विशतक केलें. परंतु नुसती पूर्वपुण्याई दाखवून जागा धरून बसणेंहि न्याय्य नव्हे. एकत्र कुटुंबांत सासूबाई किल्ल्या सुनेच्या स्वाधीन करतात. तरी लग्नकार्याच्या वेळीं प्रत्येक जण सल्ल्यास त्यांच्याचकडे धांवतो. किल्ल्या सोडल्यानें मान जात नाहीं. उलट, ओढून घ्याव्या लागल्या तर जातो.

तेव्हां आमचें मत असें: ज्याच्या असण्यानें शेजारचा तरुण अधिक चांगला खेळतो, त्यास ठेवावें; ज्याच्यामुळें तो केवळ पाणी पोंचविणारा राखीव होतो, त्यास स्पष्टपणें पण आदरानें तसें सांगावें. जाफरांनीं मार्च २०२० मध्यें, रणजींत बारा हजारांवर धावा झाल्यावर, स्वतःच खेळणें थांबविलें. कोणास सांगण्याची पाळी आली नाहीं, यांतच दोन्ही पक्षांची शोभा राहिली.