गडी आणि कडें

तरुण पिढीला रूढींचें वावडें असतें, असें आपण वडील मंडळी मोठ्या खात्रीनें सांगत असतों. मला तसा अनुभव नाहीं. तरुणांइतकें रूढींचें काटेकोर पालन एखादा कर्मठ वैदिकही करीत नसेल! मात्र त्यांच्या रूढी निराळ्या असतात, आणि त्या आपल्या परिचयाच्या नसल्यामुळें आपणांस बंडासारख्या दिसतात. हा विचार माझ्या मनांत पक्का झाला तो मंडणगडास, कॉलेजांत शिकणाऱ्या सातआठ मुलामुलींनीं एक गीतपट करावयास घेतला तेव्हां. गीतपट हा शब्द माझा. तीं त्यास व्हिडिओ म्हणत.

त्यांचा पहिला आराखडा मीं ऐकला. गणपतीला चाकरमानी गांवीं येतो, लाल एस. टी. वळणें घेत घाट चढते. विहिरीवर नायिका उभी असते. मग वेळासचा किनारा, बाणकोटचा किल्ला, सावित्रीच्या खाडीवर आकाशांतून घिरट्या घालणारा ड्रोन. आणि पाठीमागें, शोभेला म्हणून, जाखडीचा फेर. ड्रोन कोणाच्या तरी मामाकडून मुंबईहून येणार होता. बाकीचें चित्रण हातांतल्या मोबाइलवर व्हावयाचें होतें.

“हें सारें पूर्वी कोठें तरी पाहिल्यासारखें वाटतें,” असें मी म्हणालों.

“म्हणून तर लोक बघतात, सर,” एका मुलीनें उत्तर दिलें.

तिचें म्हणणें वरवर पोरकट वाटलें तरी खोटें नव्हतें. रूढी म्हणजे करणाऱ्यानें पाहणाऱ्याशीं केलेला एक अलिखित करार असतो. आणि असे करार बहुधा कोणत्या तरी व्यावहारिक गरजेंतून जन्मास येतात. गाणें तीनचार मिनिटांचेंच कां? मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचाच आवाज मावत असे, म्हणून. तबकडी गेली, माप राहिलें. पुढें १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत केवळ गाण्यांचीं चित्रें दाखविणारी एम्. टी. व्ही. ही वाहिनी सुरू झाली, आणि ध्वनिमुद्रिका खपविण्यासाठीं काढलेल्या त्या चित्रांतून प्रत्येक जातीच्या गाण्याचा पोशाख ठरत गेला. रॉक गाणाऱ्यांनीं गिटारी छेडीत उभें राहावें, रॅप म्हणणाऱ्यांनीं मोटारीला टेकावें! आपल्याकडेही कोळीगीत म्हटलें कीं होडी, मासळीची टोपली आणि कमरेचा रुमाल हीं आलींच.

आणि मंडणगडच्या मुलांस रूढी शिकावयास दूर जाण्याची तरी काय गरज? शिमग्यांतलें नमन घ्या. आधीं गण, मग गौळण, मग वग. काळ्या वेषांतला, उंच निमुळत्या टोपीचा संकासुर कधीं यावयाचा, हें मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतें. तरीही मंडळी रात्र रात्र जागतात. कारण गौळणींतली मावशी यंदा कोणाची टोपी उडविणार, हें मात्र कोणासच ठाऊक नसतें. चौकट जुनी असल्यामुळेंच तींतलें नवें तत्काळ डोळ्यांत भरतें.

रूढीचा उपयोग करून रूढीलाच चिमटा कसा काढावा, हें दाखवावें म्हणून मीं त्या मंडळींस शांतारामबापूंचा ‘माणूस’ दाखविला. प्रभातचा हा चित्रपट १९३९ सालचा. त्यांतील मैना वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांस ज्याच्या त्याच्या भाषेंत कडवीं ऐकविते, तो प्रसंग मुलांना अतिशय आवडला. परंतु त्याच चित्रपटांत, त्या वेळच्या बोलपटांतील बागेंतल्या गोड गोड प्रेमगीतांची जी थट्टा आहे, तिच्यावर एकजणही हंसला नाहीं. ज्या गाण्यांची ती नक्कल होती तीं गाणींच या पोरांनीं कधीं पाहिलेलीं नव्हतीं! उलट २०१६ सालच्या ‘सैराट’विषयीं बोलणें निघतांच प्रत्येकास कंठ फुटला. करमाळ्याकडच्या मातींतल्या प्रेमाला लॉस एंजेलिसमध्यें ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्य वाद्यवृंद कसा शोभला, आणि आरंभीं इतकीं गाणीं ऐकविणाऱ्या चित्रपटाचा शेवट निःशब्द कां ठेविला, हें त्यांनींच मला समजावून दिलें. गाण्यांची रूढी त्यांच्या अंगांत मुरलेली होती. म्हणून ती थांबल्याबरोबर त्यांचा जीव दचकला होता.

येथें एक गोष्ट आम्हां सर्वांच्याच ध्यानांत आली. मोडलेली रूढी ज्याला ती ठाऊक आहे त्यालाच दिसते. तेव्हां आपला प्रेक्षक कोण, आणि त्याला काय ठाऊक आहे? प्रेक्षक म्हणजे वाडींतलीं माणसें, आणि मुंबईस दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारे त्यांचे भाऊबंद. त्यांना अमेरिकेंतल्या मोटारी ठाऊक नसतील; परंतु जाखडी त्यांच्या पायांना ठाऊक आहे. मध्यें गाणारे व मृदंग वाजविणारे बसलेले, आणि त्यांच्याभोंवतीं घुंगरू बांधलेल्या गड्यांचें फिरतें कडें. शोभेला म्हणून मागें ठेवलेला तो फेर अशा रीतीनें पुढें आला, आणि नायिका विहिरीवरून आपोआप घरीं गेली.

ज्या मुलीनें मला प्रथम उत्तर दिलें होतें तिचे वडील आणि दोन्ही भाऊ मुंबईस असतात. तिच्या वाडींत एके काळीं दोन फेर उभे राहत. आतां एक राहतो, तोही गणपतीच्या दिवसांपुरता. एरवीं दारांना कुलपें. तिची सूचना अशी, कीं फेर धरावा, पण जे गांव सोडून गेले त्यांच्या जागा मोकळ्या ठेवाव्या. कडें खंडित दिसावें. सर्वांना ही कल्पना पसंत पडली, आणि खरें सांगावयाचें तर मलाही. पसंत पडली नाहीं ती एकट्या बुवांना. चाळीस वर्षें शक्ती-तुऱ्याचे सामने गाजविलेला तो माणूस. तालीम पाहून त्यांनीं मृदंगावरचा हात उचलला.

“पोरांनो, ही जाखडी नव्हं. गडी गेला तर त्याची जागा मोकळी नाय ठेवीत. कडं आवळायचं असतं.”

मुलें प्रथम हिरमुसलीं. कोणी कुरकुरलें, कीं म्हाताऱ्या माणसांना नवें कांहीं रुचतच नाहीं. ती मुलगी मात्र गप्प बसून राहिली, आणि थोड्या वेळानें तिनें विचारलें, “बुवा, आवळत आवळत किती गड्यांपर्यंत येतं?”

बुवांनीं उत्तर दिलें नाहीं. मृदंग पुढें ओढला.

त्या प्रश्नांतून गीतपट जन्मला. आरंभीं बारा गडी. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस एकदोघे घुंगरू सोडतात, पिशवी उचलतात आणि निघून जातात. उरलेले कडें आवळतात. लय तीच, मृदंग तोच, पाऊल कोठेंही चुकत नाहीं. अखेर चौघे उरतात. दोन म्हातारे आणि दोन शाळकरी पोरें. कडें अजूनही पुरें आहे, आणि तेंच पाहवत नाहीं. खंडित कड्याची कल्पना चतुर होती. परंतु ती जाखडीला बाहेरून सांगितलेली होती. ही जाखडीच्याच नियमानें, तो नियम शेवटपर्यंत पाळून, निघाली. रूढीला आव्हान देण्याची ही रीत मला फार कठीण वाटते. कारण तीसाठीं आधीं रूढीजवळ बसून तिचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, आणि तेवढा धीर बंडखोरांना नसतो तसाच रूढीच्या अभिमान्यांनाही नसतो.

पुढल्या वर्षीं गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर वाडीच्या सहाणेवर पांढरी चादर बांधून तो दाखविण्यांत आला. चित्रांतले बहुतेक गडी समोर बसलेलेच होते. पहिला गडी फेर सोडून निघाला तेव्हां पोरें हंसलीं, शिट्ट्याही झाल्या. तिसऱ्या-चौथ्याला शिट्ट्या थांबल्या. मागें बसलेल्या बायका मात्र हलक्या आवाजांत एकेकाचें नांव घेऊं लागल्या, आणि त्यांत जे त्या चित्रांत नव्हते, जे कित्येक वर्षांत गांवाकडे फिरकले नव्हते, त्यांचींही नांवें आलीं. बुवा शेवटपर्यंत मान हलवीत ताल धरून होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईच्या गाडीला उभें राहावयासही जागा नव्हती.