मालाडला आलेले म्युनिककर

मालाड पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलं की आधी मिठाईच्या दुकानांचा तुपकट वास येतो आणि मग एस. व्ही. रोडची गर्दी अंगावर येते. तिथून सोमवार बाजाराच्या दिशेने निघायचं. रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज’ एवढं सांगितलं की पुरतं. स्टुडिओ बंद पडून सत्तर वर्षं झाली, तरी नाव पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी टिकून आहे. जवळच्या एका रस्त्याला स्टुडिओचे संस्थापक हिमांशू राय यांचं नावही आहे. मी मात्र निघालो होतो राय यांच्याबरोबर इथे आलेल्या जर्मनांच्या शोधात. बव्हेरियातून निघून मालाडसारख्या आडगावात वर्षानुवर्षं राबलेली ही माणसं मूळची कोण, कुठली, आणि त्यांचं पुढे काय झालं, हे मला त्यांच्या कामाच्या जागी जाऊन समजून घ्यायचं होतं.

आत शिरलं की गाळेच गाळे. पत्र्याची छपरं, वेल्डिंगच्या ठिणग्या, खोक्यांचे ढीग, हातगाड्या. मधूनच एखादी जाड जुनी भिंत, तिच्यात रुजलेलं झाड. एका गाळ्याच्या दारात बसलेल्या काकांनी बोट दाखवलं, “ते बघा, तिकडे शूटिंग व्हायचं. अशोककुमार, देविकाराणी, सगळे इथलेच.” जर्मन लोकांबद्दल विचारलं तर म्हणाले, “ते काही ऐकलं नाही बुवा.” त्यांचं बरोबरच होतं. सिनेमातला चेहरा आठवणीत राहतो, तो चेहरा कुठल्या उजेडात उभा होता आणि तो उजेड कोणी टाकला, हे कोण कशाला लक्षात ठेवेल?

उजेड टाकणारे होते छायालेखक जोसेफ विर्शिंग. जन्म २२ मार्च १९०३, म्युनिक. दिग्दर्शन करणारे फ्रान्झ ऑस्टेन, त्यांचं खरं आडनाव ओस्टरमायर. जन्म २३ डिसेंबर १८७६, तेही म्युनिकचेच. त्यांचं घर फोटोग्राफीच्या धंद्यातलं. धाकटा भाऊ पेटर ओस्टरमायर याने म्युनिकमध्ये चित्रपटनिर्मिती सुरू केली आणि त्यातूनच १९१९मध्ये एमेल्का ही कंपनी उभी राहिली. नाटकाच्या नादाने युरोपात वावरणारे हिमांशू राय १९२४मध्ये तिच्या दारात पोचले. बुद्धाच्या चरित्रावर सिनेमा काढायचा, तो भारतात जाऊन काढायचा, नट भारतीय आणि यंत्रं-तंत्रज्ञ जर्मन, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यातून ‘प्रेम संन्यास’ उर्फ ‘लाइट ऑफ एशिया’ तयार झाला. १९२५मध्ये ही मंडळी मुंबईला उतरली तेव्हा विर्शिंग जेमतेम बाविशीचे होते. पुढे ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हेही राय आणि ऑस्टेन यांच्या जोडीचेच.

मग बोलपट आला. राय आणि त्यांची पत्नी, नटी देविकाराणी बर्लिनमध्ये उफा या जर्मन चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत काम शिकत होते, तोवर १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. दोघांनी भारताची वाट धरली आणि १९३४मध्ये बॉम्बे टॉकीज ही लिमिटेड कंपनी स्थापन झाली. संचालकांत सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना अशी वजनदार नावं होती. जागा मिळाली मालाडला, एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात.

मालाड का, याचं उत्तर मला या गल्ल्यांतून फिरताना सापडलं. ५ जानेवारी १९२८पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या. माणसं शहरातून रोज येऊ-जाऊ शकत होती, आणि तरीही इथे शहराचा आवाज नव्हता. बोलपटाला शांतता लागते. मालाडची तोवरची ओळख होती ती खाणींतल्या पिवळसर दगडाची. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या भिंतींत तो दगड आजही दिसतो. मुंबईला दगड पुरवणाऱ्या गावाने आता मुंबईला सिनेमा पुरवायला सुरुवात केली.

ऑस्टेन आणि विर्शिंग यांच्याबरोबर लॅबसाठी विल्हेल्म झोले आले, सेट उभारायला काउंट कार्ल फोन श्प्रेटी आले. श्प्रेटी हे बव्हेरियातल्या सरदार घराण्यातले, शिक्षणाने आर्किटेक्ट. मालाडमध्ये त्यांनी झोपड्या आणि हवेल्या उभ्या केल्या. मायदेशी परतल्यावर, युद्धानंतर, ते पश्चिम जर्मनीच्या संसदेत निवडून गेले, मग राजदूत झाले. १९७०मध्ये ग्वाटेमालात बंडखोरांनी त्यांना पळवून नेलं आणि ५ एप्रिलला ठार मारलं. मालाडच्या गल्लीत उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो. ‘अछूत कन्या’च्या काळात इथे वावरणारा तिशीच्या आतला तरुण, आणि त्याचा शेवट मध्य अमेरिकेत.

‘अछूत कन्या’ १९३६चा. गोष्ट निरंजन पाल यांची, संगीत सरस्वतीदेवी या नावाने काम करणाऱ्या खुर्शीद होमजी या पारशी बाईंचं, नायक अशोककुमार, जो मुळात इथल्या लॅबमध्ये कामाला होता. ऑस्टेन यांनी त्याचा जबडा पाहून ‘हा नायक व्हायचा नाही’ असं सांगितलं होतं, अशी कथा आहे. हिंदी न येणाऱ्या दिग्दर्शकाने ब्राह्मण मुलगा आणि दलित मुलगी यांच्या प्रेमाची गोष्ट पडद्यावर आणली आणि ती देशभर गाजली. संवाद सांभाळणारे दुसरे होते, ऑस्टेन चेहरे आणि हालचाली पाहत होते. मूकपटात घडलेल्या माणसाला तेच येत होतं.

आणि त्याच १९३६मध्ये फ्रान्झ ऑस्टेन नाझी पक्षाचे सभासद झाले.

हे वाक्य मी झाकून ठेवणार नाही, मऊही करणार नाही. दिवसा मालाडच्या स्टुडिओत जातिभेदाची शोकांतिका उभी करणारा माणूस वंशश्रेष्ठत्वाच्या पक्षाचं सभासदत्व घेतो. त्याचं काम पाहताना मी हे विसरू शकत नाही, आणि हे कळल्यावर त्याचं काम पुसून टाकावं असंही मला वाटत नाही. आपल्या सिनेमाचे पूर्वज शोधायला निघालो तर जसे सापडतील तसे घ्यावे लागतील. याच हिटलरमुळे जर्मन बोलणारी दुसरी माणसंही मुंबईला येत होती. कार्ल्सबाडला जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४मध्ये आले. आकाशवाणी उघडताना वाजते ती धून त्यांची. ग्राझचे चित्रकार वॉल्टर लांगहामर आले आणि त्यांनी इथल्या तरुण चित्रकारांना पाठबळ दिलं. एकच भाषा, एकच शहर, आणि येण्याची कारणं एकमेकांच्या अगदी उलट.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांच्या लेखी इथले जर्मन शत्रुदेशाचे नागरिक ठरले. ऑस्टेन तेव्हा ‘कंगन’ करत होते. नायिका आपल्या लीला चिटणीस, नायक अशोककुमार. दिग्दर्शकाला अटक झाली. विर्शिंगही पकडले गेले. जर्मनांची पहिली मोठी छावणी होती अहमदनगरला. पुढे अनेकांना देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवलं. तिबेटला पळून गेलेला प्रसिद्ध गिर्यारोहक हाइनरिश हारर याच वाटेने डेहराडूनला पोचला होता. बायका-मुलं असलेल्या कुटुंबांसाठी साताऱ्यात आणि पुरंदर किल्ल्यावर वेगळी सोय होती. हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यूसुद्धा सुरुवातीला असेच तारेच्या कुंपणाआड गेले, कारण पासपोर्टवर देश जर्मनी होता. पुरंदर चढताना आपण मुरारबाजींची आठवण काढतो, ती काढायलाच हवी. पण त्याच माचीवर विसाव्या शतकात बर्लिन आणि व्हिएन्नाची माणसंही दिवस मोजत होती, हे महाराष्ट्राच्या इतिहासात एका ओळीचं तरी असायला हवं.

वयामुळे ऑस्टेन यांना सोडून देण्यात आलं. १९४०मध्ये ते जर्मनीला परतले आणि १९५६मध्ये बव्हेरियात वारले. त्याच १९४०च्या मे महिन्यात हिमांशू राय गेले. देविकाराणींनी काही वर्षं स्टुडिओ चालवला. अशोककुमार आणि शशधर मुखर्जी बाहेर पडले आणि त्यांनी शेजारच्या गोरेगावात फिल्मिस्तान काढलं. १९५४मध्ये बॉम्बे टॉकीज बंद पडली.

विर्शिंग मात्र परत गेले नाहीत. छावणीतून सुटल्यावर ते पुन्हा याच मालाडला आले आणि त्यांनी कॅमेरा हातात घेतला. १९४९चा ‘महल’ त्यांचा. त्यातल्या लांब सावल्या, जिन्यावरून सरकणारा उजेड, अर्ध्या अंधारात दिसणारी मधुबाला, हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. जर्मन मूकपटांत अंधाराशी खेळायची जी रीत होती, ती इथे दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्या उर्दू कथेत आणि लता मंगेशकरांच्या आवाजात येऊन मिसळली. मला विर्शिंग यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. त्यांनी आपलं म्युनिक इथे लादलं नाही, त्याचा उपयोग केला.

मालाडहून दुपारी मी जोगेश्वरीला उतरलो. पूर्वेला, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या बाजूला, कमाल अमरोही यांचा कमालिस्तान स्टुडिओ होता. विर्शिंग यांचं अखेरचं काम अमरोहींच्याच ‘पाकीजा’चं. सिनेमा सुरू झाला १९५६च्या सुमारास, कृष्णधवल सोडून रंगीत झाला, मग सिनेमास्कोप, मधे काही वर्षं थांबला. ११ जून १९६७ रोजी विर्शिंग मुंबईत वारले. ‘पाकीजा’ पडद्यावर आला फेब्रुवारी १९७२मध्ये. उरलेलं छायाचित्रण दुसऱ्यांनी पूर्ण केलं, तरी नामावलीत छायालेखक म्हणून नाव त्यांचंच आहे. लिंक रोडवरच्या धुळीत, काचेच्या कचेऱ्यांखाली उभं राहून या माणसाचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा आला, मधे परत गेला, पुन्हा आला, कैदेत पडला, सुटला, इथेच राहिला, इथेच मेला. अशा माणसाला परदेशी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

संध्याकाळी सिनेमाबाहेरच्या एका जर्मन खुणेसाठी अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर गेलो. सेंट कॅथरिन्स होमच्या फाटकाशी थांबलो. डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या नन्स चालवत आलेलं हे अनाथ मुलींचं घर. सिस्टर आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन ननने इथे आयुष्य घातलं. मुलांना जेवायला घालण्यासाठी त्या मायदेशी पत्रं लिहीत. त्यांच्या कामाने हलून जाऊन १९६७मध्ये बॉन शहरात रोझी गोलमन यांनी एक मदतसंस्था काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘अंधेरी-हिल्फं’. ती आजही चालते. ऱ्हाइनकाठच्या लोकांना आपल्या लोकलमधलं हे एक स्टेशन माहीत आहे ते या घरामुळे. त्या जर्मन सिनेमावाल्यांची नावं मालाडला कोणाला ठाऊक नाहीत, पण अंधेरीचं नाव मात्र बॉनमध्ये पाटीवर आहे.

या जर्मनांचा माग लागतो, कारण त्यांच्या देशाने कागद ठेवले. चर्चमधली बाप्तिस्म्याची वही, १ जानेवारी १८७६पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सुरू झालेली जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद, शहर बदललं की पोलिसांकडे करायची रहिवासाची नोंद, पक्षाच्या सभासदत्वाचं कार्ड, आणि इकडे ब्रिटिशांच्या कैद्यांच्या याद्या. शिवाय विर्शिंग यांच्या घरच्यांनी त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रं जपली. २०१७च्या डिसेंबरात गोव्याच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन भरलं, पुढे पुस्तकही निघालं. २०१७मध्येच मेलबर्नलाही बॉम्बे टॉकीजचं प्रदर्शन झालं. त्यासाठी कागद, पोस्टर, फोटो दिले होते हिमांशू राय यांच्या तिथल्या नातवाने. राय यांच्या पहिल्या, जर्मन पत्नीच्या बाजूचा हा नातू. आपले आजोबा कोण होते याचा पत्ता त्याला उशिरा लागला.

विर्शिंग यांच्या त्या छायाचित्रांत माझी नजर मोठ्या नटांवरून सरकून कडेला जाते. रिफ्लेक्टर धरलेला माणूस. ट्रॉली ढकलणारे दोघं. सेटची चौकट ठोकणारा सुतार. जर्मनांच्या खांद्याला खांदा लावून ही माणसं उभी आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं चित्राखाली नाहीत. त्यांच्यासाठी कोणी वही ठेवली नाही. त्यातले पुष्कळसे याच बाजूचे असणार, मालाडचे, मढ-मार्व्याकडचे, कोकणातून आलेले.

म्हणून माझी एक विनंती आहे. मालाड, गोरेगाव, कांदिवलीच्या ज्या घरांत ‘आमचे पणजोबा टॉकीजमध्ये होते’ असं बोललं जातं, त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहावी. गेटपास, पगाराची चिठ्ठी, एखादा घडी पडलेला ग्रुप फोटो निघाला तर मागच्या बाजूला आजीला विचारून नावं लिहून ठेवावीत आणि विर्शिंग यांच्या पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहावीत. महापालिकेने त्या आवाराच्या तोंडाशी पाटी लावायचं मनावर घेतलं, तर तिच्यावर म्युनिकच्या दोन नावांखाली मालाडची दहा नावं असायला हवीत.